चाक फिरतंय पण गाडी हलेना! डिफ लॉकवर तुमचे प्रश्न

मागच्या अंकात पावसाळी टायरवर लिहिलं आणि जाता जाता शेवटी एक ओळ टाकली की डिफ लॉक हा वेगळा विषय आहे, कधीतरी बघू. झालं! तेव्हापासून मेल काय, व्हॉट्सॲप काय, एकानं तर उद्यमनगरात चहाच्या टपरीवर गाठलं आणि चहा संपेपर्यंत सोडलं नाही. म्हणून यावेळी बॅटरी, ब्रेक ऑइल सगळं बाजूला, फक्त डिफ लॉक, म्हणजे एका एक्सलची डावी-उजवी चाकं एकमेकांना जखडणारी सोय. सगळे प्रश्न घेता आले नाहीत, काही छाटलेत, रागावू नका.

प्रश्न: माझी जुनी फोर बाय फोर जीप आहे. गेल्या जूनमध्ये मळ्याकडच्या पाणंदीत अडकली. फोर लो (फोर बाय फोरचा हळू पण जोरकस गियर) घातलेलं होतं, तरी पुढचं डावं आणि मागचं उजवं अशी दोनच चाकं गरागरा फिरत होती, बाकीची दोन ढिम्म. शेवटी ट्रॅक्टरनं ओढून काढली, पोरांनी व्हिडिओ काढून गावभर फिरवला ते वेगळंच. फोर बाय फोर म्हणजे चारी चाकं फिरायला पाहिजेत ना? गाडीत फॉल्ट आहे का? (एक वाचक, कागल)

फॉल्ट काही नाही दादा, गाडी जशी बनवली तशीच वागली. घोळ आपल्या समजुतीत आहे, आणि हा घोळ निम्म्या फोर बाय फोरवाल्यांच्या डोक्यात असतो.

आधी डिफ, म्हणजे डिफरेन्शियल, कशाला असतो ते बघू. गाडी वळताना बाहेरच्या चाकाला जास्त अंतर तोडावं लागतं. किती जास्त? रंकाळ्याला गाडीनं एक पूर्ण फेरी मारली आणि दोन चाकांत दीड मीटर अंतर धरलं, तर बाहेरचं चाक आतल्यापेक्षा जवळजवळ साडेनऊ मीटर जास्त पळतं. गंमत म्हणजे तळं केवढंही असू दे, घराच्या अंगणात गोल फिरवली तरी तेवढेच साडेनऊ मीटर, फक्त अंगणात ते चार सेकंदात तोडावे लागतात म्हणून जास्त जाणवतं. दोन्ही चाकं एकाच दांड्याला कायमची जखडली तर एकाला रस्त्यावर घासत जावं लागेल. म्हणून मध्ये क्राऊनच्या, म्हणजे एक्सलमधल्या मोठ्या गियरच्या, पोटात स्पायडर नावाचे छोटे गियर बसवलेत, ते दोन्ही बाजूंना कमीजास्त फिरायची मुभा देतात.

मुभा दिली पण त्याबरोबर एक खोडही आली. साधा डिफ दोन्ही चाकांना नेहमी सारखाच जोर देतो. बैलगाडीचं जू डोळ्यांसमोर आणा, मध्ये एकाच ठिकाणी बांधलेलं. एक बैल ढिला पडला की जू तिरकं होतं आणि दुसऱ्या बैलात कितीही रग असली तरी ती गाडीपर्यंत पोचत नाही. तसंच हे. चिखलातलं किंवा हवेतलं चाक फिरवायला समजा 40 न्यूटन मीटर पुरतात, तर पलीकडं कोरड्या दगडावर बसलेल्या चाकालासुद्धा 40च मिळणार, आणि त्यात गाडी हलत नाही. इंजिन कितीही ओरडू दे.

आता फोर बाय फोर घातलं म्हणजे काय झालं, तर पुढचा दांडा आणि मागचा दांडा एकमेकांना जोडले गेले. डावं-उजवं नाही जोडलं. म्हणजे खात्री फक्त एवढीच की पुढचं निदान एक आणि मागचं निदान एक फिरणार. तुमची गाडी पाणंदीत तिरकी चढली, एका कोपऱ्यातलं पुढचं आणि समोरच्या कोपऱ्यातलं मागचं चाक हलकं झालं, आणि नेमकी तीच दोन फिरली. डिफ लॉक म्हणजे ते जू दांडीला दोन्ही बाजूंनी आवळून बांधणं. मग एक चाक हवेत असलं तरी जमिनीवरच्या चाकाला त्याची पकड पेलेल तेवढा सगळा जोर जातो.

पण लगेच लॉकर, म्हणजे नंतर बसवायचा डिफ लॉक, घ्यायला पळू नका. पुढचे प्रश्न वाचा आणि आधी एवढं आठवा की त्या दिवशी गाडीचं पोट मातीला टेकलं होतं का. टेकलं असेल तर लॉक असता तरी काही झालं नसतं, चार चाकांनी चार खड्डे खणले असते एवढंच.

प्रश्न: आमच्या ट्रॅक्टरला टाचेखाली डिफ लॉकचं पॅडल हाय. फडातनं भरलेली ट्रॉली काढताना त्याच्याशिवाय भागत न्हाई. आसलंच कायतरी जीपला बसतंय का? (शेतकरी वाचक, शिरोळ तालुका)

तुमचा प्रश्न वाचून लई बरं वाटलं, कारण आपल्या जिल्ह्यात ज्यानं ऊस वाहिलाय त्याला डिफ लॉक शिकवायची गरजच नाही, त्याच्या टाचेला ते माहिती आहे. शहरातली पोरं लाखो रुपये घालून जे शिकतात ते तुम्ही शाळेत असताना शिकलाय.

तत्त्व अगदी तेच. पॅडल दाबलं की दात असलेली एक कॉलर सरकून दोन्ही बाजू एक करते. आणि तुम्ही बघितलं असेल, टाच काढली तरी लॉक कधीकधी लगेच सुटत नाही, ताण आहे तोवर दात अडकून राहतात, जरा सरळ चालवलं किंवा क्लच दाबला की खट्ट करून सुटतो. जीपमधल्या लॉकचंही असंच असतं, म्हणून बटन बंद केलं तरी लॉक सुटला नाही असं वाटलं तर घाबरायचं नाही, थोडं पुढंमागं करायचं. जीपला पॅडल बसत नाही, पण टाचेच्या जागी हवा किंवा करंट वापरणारे लॉक मिळतात. खालच्या उत्तरात सविस्तर लिहिलंय. आणि ट्रॅक्टरचा नियम जीपलाही लागू, लॉक लावून वळायचं नाही.

प्रश्न: जिप्सी आहे, जपून ठेवलेली. वर्षातून पाच-सहा वेळा मित्रांबरोबर दगडधोंड्यात जातो, बाकी गावात आणि घाटात फिरते. एअर लॉकर, इलेक्ट्रिक लॉकर, ऑटो लॉकर, एलएसडी अशी नावं ऐकून डोकं चक्रावलंय. एकच घ्यायचं तर कुठलं? (वाचक, राजारामपुरी)

तुमच्यासाठी उत्तर सरळ आहे: मागच्या डिफला, आपल्या हातात बटन असलेला लॉक. हवेचा की करंटचा हा नंतरचा वाद.

बटन का म्हणतोय? तुमची गाडी पंच्याण्णव टक्के वेळा डांबरावर असणार. बटनवाला लॉक बंद असताना साधा डिफच असतो, गाडी काही वेगळी वाटत नाही, बायकोनं चालवायला घेतली तरी तिला कळणार नाही की आत काही घातलंय. (किंमत मात्र कळते, ती कुठूनतरी कळतेच.)

हवेवर चालणारा म्हणजे ऑस्ट्रेलियाच्या एआरबीचा एअर लॉकर, त्याचं नाव इतकं रुळलंय की लोक कुठल्याही लॉकरला एअर लॉकर म्हणतात. याला छोटा कॉम्प्रेसर लागतो, साधारण 85 ते 105 पीएसआय हवा एका बारीक नळीतून डिफमध्ये जाते आणि आतला गियर लॉक करते. पकड शंभर टक्के. कॉम्प्रेसरचा जादा फायदा असा की त्यानंच टायरमध्ये हवा भरता येते. तोटा म्हणजे नळी. ती दगडाला घासली, सायलेन्सरला लागून वितळली किंवा आतली ओ-रिंग गेली की हवा गळते आणि लॉक नेमका हवा तेव्हा लागत नाही. नळी कुठून नेलीय हे बसवताना स्वतः खाली वाकून बघा, चेसीसच्या आतल्या बाजूनं, क्लिपा मारून.

करंटवाला म्हणजे ई-लॉकर. नळी नाही, कॉम्प्रेसर नाही, एक वायर आणि स्विच. कमी भानगड. पण काही ई-लॉकर लागायला चाक थोडं फिरावं लागतं, दाबलं की ठक् असं प्रत्येक वेळी होत नाही. आणि वायरीचा सॉकेट चिखलपाण्यात राहतो तेव्हा तिथं ग्रीस आणि नीट सील पाहिजे. दोन्ही चांगले. तुमच्या एक्सलसाठी जो मिळेल आणि ज्याचे पार्ट पुढं मिळतील तो घ्या. मागवायच्या आधी एक्सल शाफ्टच्या दातांची, म्हणजे स्प्लाइनची, संख्या मोजून घ्या. शाफ्ट बाहेर काढून, मार्करनं एका दातावर खूण करून मोजा. अंदाजे जिप्सीचा म्हणून मागवला आणि दोन दातांनी फरक निघाला की तो डबा कपाटातच राहतो, असा एक डबा माझ्या माहितीतल्या एका घरात टीव्हीखाली आहे.

ऑटो लॉकर सगळ्यात स्वस्त. याचा छोटा प्रकार तर जुन्याच डिफच्या डब्यात स्पायडर काढून बसतो, क्राऊन-पिनियनचं (पिनियन म्हणजे क्राऊनला फिरवणारा छोटा गियर) सेटिंग हलवावं लागत नाही. हा उलट चालतो, कायम लॉक आणि वळताना बाहेरच्या चाकाला सोडतो. वळताना कट-कट-कट असा आवाज येतो, गॅस दिला की धक्क्यानं पकडतो. रानात झकास. पण जुलैमधल्या ओल्या घाटात, वळणावर मध्येच गॅस दिला आणि मागची दोन्ही चाकं एकदम घसरली तर? जिप्सी हलकी, व्हीलबेस लहान, ती गर्रकन फिरते. ज्या गाडीनं घरच्यांना घेऊन गगनबावड्याला जायचं तिच्यात मी हा टाकणार नाही. ज्यांची गाडी फक्त रानासाठी आहे त्यांनी खुशाल टाकावा.

राहिली एलएसडी, म्हणजे लिमिटेड स्लिप डिफरेन्शियल. ही लॉक नाही, लॉकची धाकटी चुलतबहीण. फिरणाऱ्या चाकाला जेवढा जोर लागतोय त्याच्या दोन-तीन पट पलीकडं देते. म्हणजे चिखलात, रेतीत, ओल्या गवतावर उत्तम, चालवणाऱ्याला काही करावंच लागत नाही. पण चाक पूर्ण हवेत गेलं की शून्याची तिप्पट शून्यच. ईटनच्या ट्रूट्रॅकसारखी गियरवाली एलएसडी असेल तर अशा वेळी हलका ब्रेक दाबून गॅस द्यायचा, फिरणाऱ्या चाकाला थोडा अडसर मिळाला की पलीकडं जोर जातो. प्लेटा असलेल्या एलएसडीला ऑइलमध्ये वेगळं फ्रिक्शन मॉडिफायर लागतं, गियरवालीला नको. हे न बघता कुठलंही ऑइल ओतणारे पाहिलेत.

आणि हे सगळं करायच्या आधी, टायर. गुळगुळीत टायरवर लॉकर म्हणजे दोन्ही चाकं मिळून घसरणार. चांगले ऑल टेरेन टायर, दगडात किंवा चिखलात हवा 18-20 पीएसआयवर उतरवायची, बाहेर आलं की भरायची. माझ्या ओळखीतल्या बऱ्याच जणांचा लॉकरचा विचार एवढ्यावरच थंड पडलाय.

प्रश्न: सेकंड हँड थार एलएक्स डिझेल हार्डटॉप घेतली, मेकॅनिकल लॉकिंग डिफ असलेली. विकणाऱ्यानं सांगितलं लॉक आहे. पण मला बटनच सापडेना! फसवलं का? (वाचक, इचलकरंजी)

नाही फसवलं. त्याला बटनच नसतं. हा आपोआप लागणारा मेकॅनिकल लॉक आहे, ईटनचा. मागच्या दोन चाकांच्या फिरण्यात मिनिटाला साधारण 100 फेऱ्यांचा फरक पडला की आतली छोटी वजनं बाहेर फेकली जातात, एक खिटी अडकते, आणि प्लेटा आवळल्या जाऊन दोन्ही चाकं एक होतात. ठण्णकन आवाज येतो, पहिल्यांदा ऐकला की वाटतं काहीतरी तुटलं, तुटलेलं नसतं.

चूक इथं होते की चाक फिरायला लागलं की माणूस घाबरून गॅस सोडतो. मग 100चा फरकच पडत नाही आणि लॉक लागत नाही. फोर लो घाला, पहिला गियर, आणि एक चाक फिरायला लागलं तरी दोन सेकंद गॅस तसाच हळू धरून ठेवा. रेस करायची नाही, नुसता धरायचा. ठण्ण झालं की गाडी पुढं सरकेल. ताशी 30 किलोमीटरच्या वर तो लागत नाही, त्यामुळं हायवेवर अचानक लागेल ही भीती नको.

प्रश्न: मी शाहूवाडी तालुक्यात शिक्षिका आहे, शाळेचा शेवटचा दीड किलोमीटर पावसाळ्यात चिखलाचा. फोर बाय फोर परवडत नाही. बोलेरो निओ एन टेन ओ मध्ये लॉक आहे असं ऐकलं, पण ती टू व्हील ड्राइव्हच आहे ना? काही उपयोग होतो का? (वाचक भगिनी)

होतो ताई, चांगला होतो. वरचा कागलचा प्रश्न वाचलात तर लक्षात येईल की लॉक नसलेली फोर बाय फोर वाईट वेळी दोनच चाकांवर येते. लॉक असलेली मागच्या चाकांची गाडीसुद्धा दोन चाकं खात्रीनं फिरवते. अगदी सारखं नाही, चढ असेल आणि पुढची चाकं खड्ड्यात अडखळली तर त्यांना ओढणारं कोणी नसतं. पण तुमच्यासारख्या रोजच्या, ओळखीच्या, सपाट चिखलाच्या रस्त्याला भागून जाईल. निओचा लॉकही थारसारखा आपोआपचा, त्यामुळं वरची दोन सेकंदांची युक्ती तुम्हालाही लागू.

दोन गोष्टी करा. गाडीत मागं थोडं वजन ठेवा, रिकाम्या गाडीची मागची बाजू हलकी असते. आणि ट्रॅक्टरनं पाडलेल्या खोल चाकोरीत उतरू नका, एक बाजू मधल्या उंचवट्यावर आणि एक कडेला ठेवून चालवा, नाहीतर पोट टेकतं. दीड किलोमीटर चालत ओळखीचं करून घ्या एकदा, कुठं पाणी साचतं ते बघून.

प्रश्न: गुरखा घेतली. पुढं-मागं दोन्ही लॉक आहेत, दोन लिव्हर. दोन्ही एकदमच ओढून चालवायची का? डीलरकडं नीट कोणी सांगितलं नाही. (वाचक, गारगोटी)

एकदम नाही! आणि आधी अभिनंदन, कंपनीतून पुढचा आणि मागचा दोन्ही लॉक येणाऱ्या गाड्या आपल्याकडं बोटावर मोजण्याइतक्या.

क्रम असा. फोर लो. अडचणीची जागा दिसली की तिथं पोचायच्या आधी, गाडी थांबवून किंवा अगदी मुंगीच्या चालीनं, मागचा लॉक. चाक गरागरा फिरत असताना लॉक ओढायचा नाही, दात फिरत्या दातावर आदळतात, तिथंच मोडतोड होते. चढावर वजन मागं जातं म्हणून मागचा लॉक जास्त काम करतो, नव्वद टक्के जागा त्यावर पार होतात. तेवढ्यावर नाही झालं तरच पुढचा, तोही चार-सहा मीटरपुरता आणि स्टीअरिंग जवळजवळ सरळ ठेवून. पुढचा लॉक लावला की स्टीअरिंग दगडासारखं जड होतं, ते जोरानं वळवून गॅस दिला तर पुढच्या एक्सलचे जॉइंट जातात. बाहेर आलं की दोन्ही काढा. टणक जमिनीवर लॉक ठेवून चालवू नका.

आता एक गोष्ट जी पुस्तकात वाचूनही मला अनुभवानंच कळली. तिरक्या उतारावर, म्हणजे गाडी एका बाजूला कलली आहे अशा ठिकाणी, लॉक कधीकधी नको असतो. साधा डिफ असताना एक चाक फिरतं, पण दुसरं शांत असतं आणि ते चाक गाडीला जागेवर धरून ठेवतं. लॉक असला की दोन्ही एकदम सुटतात आणि गाडी आडवी खाली जाते. मी पन्हाळ्याच्या खालच्या अंगाला एका मित्राच्या रानात, तांबडी माती, सकाळी सरी येऊन गेलेली, मागचा लॉक लावून ऐटीत आडवा निघालो होतो. गॅस जरा जास्त पडला आणि मागची बाजू हळूहळू, अगदी निवांतपणे, खाली सरकायला लागली, ब्रेक मारून काही होईना. चार फुटांवर करवंदाची जाळी होती, तिनं धरलं. नाहीतर खाली ओढा. तेव्हापासून आडव्या ओल्या उतारावर लॉक काढतो, गॅस नाजूक, आणि कोणीतरी खाली उतरून वाट दाखवायला.

प्रश्न: जिम्नीला लॉकर टाकू का? (वाचक, जयसिंगपूर)

आधी वर्षभर तशीच चालवा. जिम्नीत फिरणाऱ्या चाकाला ब्रेक लावून दुसरीकडं जोर देणारी यंत्रणा आहे आणि गाडी हलकी, पुढं-मागं सॉलिड एक्सल, ती भल्याभल्यांना लाजवते. फक्त तिलाही वर सांगितलेलं दोन सेकंद गॅस धरून ठेवणं लागतं. कुठं अडली ते वहीत लिहा. एकाच प्रकारच्या जागी, म्हणजे चाक उचललं म्हणून, तीनदा अडली तर लॉकर. पोट टेकून अडली तर लॉकर नको.

प्रश्न: एका मेकॅनिकनं सांगितलं स्पायडरला वेल्डिंग मारतो, कायमचा लॉक, खर्च नाहीच. करू का? (वाचक, हुपरी)

नको.

बरं, कारण सांगतो. डांबरावर प्रत्येक वळणाला एक चाक घासत जाणार, टायर काही महिन्यांत गोटा, पार्किंगमध्ये गाडी रेड्यासारखी अडून बसणार, आणि एक्सल शाफ्टला प्रत्येक वळणावर पीळ. माझ्या एका मित्राच्या जुन्या जीपला असंच केलं होतं, महिनाभर सगळ्यांना दाखवत फिरला, मग एका चौकात यू टर्न घेताना ठाप्प आवाज आला आणि शाफ्टचे दोन तुकडे. वेल्डिंगचा तुकडा सुटून क्राऊनमध्ये गेला असता तर हाउसिंगसकट गेलं असतं. ट्रॅक्टरच्या मागं बांधून घरी आणली, ते भाडं वेल्डिंगपेक्षा जास्त झालं.

प्रश्न: लॉकर मागवलाय, बसवून घ्यायचाय. गॅरेजवाल्याकडं काय बघू? (वाचक, गडहिंग्लज)

हा खरा महत्त्वाचा प्रश्न, आणि हा एकालाच पडलाय.

लॉकर बसवणं म्हणजे नटबोल्टचं काम नव्हे, क्राऊन-पिनियन परत सेट करणं. क्राऊनच्या आणि पिनियनच्या दातांत बारीक मोकळीक लागते, बॅकलॅश. बऱ्याच गाड्यांना ती 0.15 ते 0.25 मिलिमीटरच्या आसपास असते, पण तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमधला आकडाच धरायचा. ही हातानं हलवून, कान लावून कळत नाही, डायल गेज लागतो. म्हणून गॅरेजमध्ये गेल्या गेल्या पहिला प्रश्न, डायल गेज दाखवा. आहे म्हणून कपाटाकडं हात केला तर चालणार नाही, बाहेर काढून दाखवा म्हणायचं. मग दातांना रंग लावून क्राऊन फिरवायचा आणि दाताच्या मध्यभागी ठसा उमटतो का बघायचा. टोकाला किंवा बुडाशी उमटला की शिम, म्हणजे मधली पातळ चकती, बदलून परत. पहिल्या झटक्यात कधीच बसत नाही, दोन-तीनदा उघडझाक झाली तर मेकॅनिक चांगला आहे असं समजा.

माझं सांगतो. पहिला लॉकर मी एका ओळखीच्या गॅरेजात दुपारी दिला, संध्याकाळी सहाला गाडी तयार. मला वाटलं काय स्पीड आहे! दुसऱ्या दिवशी हायवेला 60च्या वर गेल्यावर मागून हूऽऽऽ असा आवाज, गॅस सोडला की बंद, दिला की परत. परत नेली तर म्हणाले नवीन आहे, घासून बसेल. क्राऊन-पिनियन घासून बसत नसतं, घासून जातं. तीन महिन्यांत गेलंही. मग उद्यमनगरातल्या एका म्हाताऱ्या मेकॅनिककडं दिली, त्यांनी दीड दिवस घेतला, तीन वेळा शिम बदलली, मला स्टुलावर बसवून प्रत्येक वेळी ठसा दाखवला आणि चष्मा कपाळावर ढकलून विचारलं, "दिसलं काय? आता बोला." ती गाडी अजून गप्प आहे.

पहिले 500 किलोमीटर जड ओढाताण नको, त्यानंतर ऑइल बदला, लॉकरच्या डब्यावर लिहिलेल्या ग्रेडचंच. ड्रेन प्लगला लोहचुंबक असेल तर त्यावर राखाडी पेस्ट दिसेल, ती ठीक. नखात धरता येईल असा तुकडा दिसला तर गाडी चालवत घरी जाऊ नका.

प्रश्न: ओढ्यातून गाडी घातल्यावर डिफचं ऑइल दुधाच्या चहासारखं झालंय. लॉकरमुळं का? (वाचक, आजरा)

लॉकरचा संबंध नाही, पाणी शिरलंय. डिफ गरम असतो, गार पाण्यात गेला की आतली हवा आकसते आणि ब्रीदरमधून (डिफला हवा जायला-यायला ठेवलेलं भोक) नाहीतर सीलमधून पाणी ओढून घेते. ऑइल लगेच बदला, तसंच चालवलं तर बेअरिंग जातील. ब्रीदरला लांब नळी जोडून ती वर, बॉनेटच्या उंचीपर्यंत नेऊन ठेवा, मीटर-दोन मीटर नळीचं काम आहे. एअर लॉकर असेल तर हे आधीच करून घ्या. आणि पाण्यात घालायच्या आधी पाच मिनिटं थांबून डिफ जरा गार होऊ द्यावा, तेवढ्यात ओढा किती खोल आहे ते काठीनं बघून होतं.

प्रश्न: लॉकर बसवला! टेस्टिंगला रविवारी मसाई पठारावर जाऊया का? तुम्ही पण या. (वाचक, कोल्हापूर)

मी येणार नाही आणि तुम्हीही जाऊ नका. सड्यावर, म्हणजे अशा खडकाळ पठारावर, मातीचा थर बोटभर असतो, पावसाळ्यात त्यावरच फुलं येतात, लॉक लावलेल्या एका गाडीच्या चाकोऱ्या तिथं वर्षानुवर्षं राहतात. दाजीपूरच्या जंगलाचं तर नावच काढू नका, ते अभयारण्य आहे. कोणाचं तरी खडकाळ माळरान बघा, मालकाला विचारून, गुळाची ढेप घेऊन जा. तिथं बोलवा, येतो. येताना 20 फूट दोर, दोन शॅकल आणि एक फावडं आणा, लॉकर असला तरी.